रनिंग बफेलो क्लोव्हरचा मूळ प्रदेश कोणता? ओहायोतल्या एका ओढ्याकाठच्या रोपाच्या निमित्ताने

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सिनसिनाटीजवळ राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न असा: घरामागच्या ओढ्यालगत जी पायवाट जाते तिच्या कडेला मे महिन्यात क्लोव्हर, म्हणजे बरसीमच्या नात्यातलं तीन-तीन दलांच्या पानांचं रोप, फुललेलं दिसलं. पानं हिरवळीतल्या नेहमीच्या पांढऱ्या क्लोव्हरपेक्षा मोठी होती आणि त्यांवर पांढरट नक्षी नव्हती. ते दुर्मीळ रनिंग बफेलो क्लोव्हर असू शकेल का? त्याचा मूळ प्रदेश नेमका कोणता? आणि त्याचं बी मिळवून अंगणात पेरलं तर संवर्धनाला हातभार लागेल का?

ओहायो नदीच्या खोऱ्यात रानवनस्पतींच्या नोंदी घेण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे आणि या एका वनस्पतीवर माझा विशेष जीव आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. थोडक्यात सांगायचं तर, हो, असू शकेल. तुम्ही तिच्या प्रदेशाच्या अगदी गाभ्यात राहता. बी मात्र पेरू नका. मूळ प्रदेशाचा प्रश्न दिसतो तेवढा सरळ नाही, कारण नकाशावर रंगवलेल्या पट्ट्यात हे क्लोव्हर सरसकट कुठेच उगवत नाही. ते कशाच्या जोरावर जगतं हे कळलं, की ते कुठे सापडेल हे सांगता येतं.

आधी ओळख पटवून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

हिरवळीत, रस्त्याकडेला, शाळेच्या मैदानात जे सर्वत्र दिसतं ते पांढरं क्लोव्हर, ट्रायफोलियम रेपेन्स. ते युरोपातून आलेलं आहे. रनिंग बफेलो क्लोव्हर म्हणजे ट्रायफोलियम स्टोलोनिफेरम, इथलं मूळचं. दोन्ही जमिनीलगत फुटवे सोडत पसरतात, दोन्हींच्या फुटव्यांना पेरापेराशी मुळं फुटतात आणि दोन्हींची फुलं पांढरी असतात, म्हणून गोंधळ होतो. खरा फरक फुलाच्या दांड्यात आहे. पांढऱ्या क्लोव्हरचा दांडा रांगत्या खोडातून थेट वर येतो आणि त्यावर एकही पान नसतं. रनिंग बफेलो क्लोव्हरचं फुलणारं खोड स्वतंत्र उभं राहतं आणि फुलांच्या गेंदाखाली त्यावर दोन मोठी, देठ असलेली, त्रिदली पानं समोरासमोर असतात. हे दिसलं तर बाकी काही पाहायची फारशी गरज उरत नाही.

पानावरच्या पांढरट नक्षीवर एकट्यावर विसंबू नका. रनिंग बफेलोच्या पानावर ती नसते हे खरं, पण साध्या पांढऱ्या क्लोव्हरची नक्षी नसलेली पानंही पुष्कळ दिसतात. त्यापेक्षा देठाच्या बुडाशी असलेली उपपर्णं पाहा. पांढऱ्या क्लोव्हरमध्ये ती लहान, पातळ, कागदासारखी असतात. रनिंग बफेलोमध्ये मोठी, हिरव्या शिरांची आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली. गुलाबी छटेचं अल्साइक क्लोव्हरही ओलसर जागी येतं आणि त्याच्या पानांवरही नक्षी नसते, पण ते जमिनीलगत फुटवे सोडत नाही आणि त्याच्या खोडावरची पानं एकाआड एक असतात. लाल क्लोव्हर केसाळ असतं आणि त्याच्या गेंदाला खालची पानं जवळजवळ चिकटलेली असतात. ते ओळखायला अवघड नाही.

वेळही महत्त्वाची. रनिंग बफेलो क्लोव्हर साधारण मेच्या मध्यापासून जूनपर्यंत फुलतं, मग त्याचा फुलोरा आटोपतो. पांढरं क्लोव्हर त्यानंतरही थंडी पडेपर्यंत फुलत राहतं. तुम्ही मे महिन्यात पाहिलंत ही गोष्ट जुळते, पण त्या दिवसांत दोन्ही फुललेली असतात, म्हणून दांड्यावरच्या पानांची जोडी पाहिल्याशिवाय मी खात्री देणार नाही. आता फुलं सरली असतील तर पुढच्या मेपर्यंत थांबा. बिनफुलाच्या फोटोवरून ठाम सांगणारे भेटतील, पण एवढ्यावरून ठामपणे सांगणं धोक्याचं आहे.

आता प्रदेश. जुन्या वनस्पतिसंग्रहांतले नमुने आणि नोंदी जमेस धरल्या तर पूर्वेला वेस्ट व्हर्जिनियापासून पश्चिमेला कॅन्ससपर्यंत हे क्लोव्हर होतं. मध्ये ओहायो, केंटकी, इंडियाना, इलिनॉय, मिसूरी आणि दक्षिणेकडे आर्कान्सा, अशी एकूण ८ राज्यं. आज ते वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो, केंटकी, इंडियाना आणि मिसूरी या ५ राज्यांत सापडतं. इंडियानात आग्नेय कोपऱ्यात, ओहायोत प्रामुख्याने नैर्ऋत्येला, केंटकीत उत्तरेकडे आणि लेक्सिंग्टन शहराभोवतालच्या ब्लूग्रास प्रदेशात. या तिन्ही जागा जोडल्या तर सिनसिनाटी बरोबर मध्ये येतं. दुसरा मोठा पुंजका वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत आहे आणि मिसूरीतला तिसरा, छोटा, या दोन्हींपासून खूप दूर.

या जागांत एक धागा सहज दिसतो, तो दगडाचा. सिनसिनाटी आणि लेक्सिंग्टनच्या आसपास जमिनीखाली सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचा, ऑर्डोव्हिशियन काळातला चुनखडक आहे. इथल्या कुठल्याही ओढ्यात वाकलात तर शंखशिंपल्यांचे जीवाश्म हाताला लागतात. वेस्ट व्हर्जिनियात डोंगरांतून ग्रीनब्रायर चुनखडकाचा थर जिथे वर येतो, तिथल्या मातीत हे क्लोव्हर चांगलं वाढतं. त्यामुळे प्रदेश चुनखडीने ठरतो असं वाटणं साहजिक आहे. पण त्याच पट्ट्यात चुनखडकाची माती असलेली हजारो एकर रानं आहेत, जिथे या क्लोव्हरचं एक रोप मिळत नाही. दगड अट घालतो. वनस्पती तिथे टिकवण्याचं काम दुसरंच काहीतरी करतं.

तुलनेसाठी याच भागातलं दुसरं रानटी क्लोव्हर घ्या, ट्रायफोलियम व्हर्जिनिकम. अ‍ॅपलेशियन डोंगरांत दक्षिणेकडे तोंड केलेल्या, तापणाऱ्या, शेल या पापुद्र्यांच्या ठिसूळ खडकाच्या उघड्या घसरड्या उतारांवर ते वाढतं. तिथे दुसरं फारसं काही तग धरत नाही, म्हणून त्याला स्पर्धाच नाही. भूगर्भाचा नकाशा हातात असेल तर ते कुठे शोधायचं याचा अंदाज घरबसल्या येतो. रनिंग बफेलो क्लोव्हरच्या बाबतीत हे जमत नाही. त्याच्या जागांची यादी काढली तर जुन्या दफनभूमी, लाकूड ओढून नेण्याच्या रानवाटा, ओढ्याच्या पुराने खरवडलेल्या कडा, गुरं जातात त्या पायवाटा, झाडाखालची कापलेली हिरवळ, मोटारी चालणाऱ्या कच्च्या रस्त्यांच्या चाकोऱ्यांमधली पट्टी असा मामला निघतो. पहिल्यांदा ही यादी वाचणाऱ्याला वाटतं की ही दुर्मीळ वनस्पतीची यादी नसून तणाची आहे.

या सगळ्या जागांत दोन गोष्टी समान आहेत. डोक्यावर झाडं आहेत, पण दाट नाहीत. ऊन पानांतून गाळून खाली येतं. आणि जमीन अधूनमधून तुडवली, चरली, कापली किंवा खरवडली जाते. या क्लोव्हरला भर उन्हातलं मोकळं कुरण मानवत नाही, कारण तिथे गवत आणि पांढरं क्लोव्हर त्याला झाकून टाकतात. गर्द रानही मानवत नाही, कारण तिथे ऊन पोचत नाही. त्याचं आयुष्य या दोन्हींच्या मधल्या अरुंद फटीत आहे आणि ती फट उघडी ठेवायला कोणाचे तरी पाय लागतात.

ते पाय पूर्वी कोणाचे होते? नावावरून लोक बफेलो म्हणतात, म्हणजे अमेरिकेचा बायसन. वसाहतकाळापूर्वी आणि त्या काळातही बायसनचे कळप ओहायोच्या खोऱ्यात होते. मिठाच्या चाट्यांकडे, म्हणजे प्राणी जमिनीतलं मीठ चाटायला येतात त्या जागांकडे, जाताना त्यांनी तुडवून काढलेल्या रुंद वाटा होत्या. केंटकीत सिनसिनाटीच्या जवळच असलेलं बिग बोन लिक ही तशीच मिठाची जागा. लुईव्हिलजवळून इंडियानात व्हिन्सेन्सकडे जाणारी बायसनची वाट तर पुढे माणसांचा रस्ता झाली. ब्लूग्रास प्रदेश तेव्हा विरळ झाडांचा होता. ब्लू अ‍ॅश आणि बर ओकची मोठी झाडं, मध्ये बांबूच्या जातीच्या केनची बेटं आणि खाली क्लोव्हर, अशी ती जमीन होती. लेक्सिंग्टनजवळच्या घोड्यांच्या कुरणांत त्या काळातली काही झाडं अजून उभी आहेत. ज्या गवतावरून हा प्रदेश आज ओळखला जातो, ते केंटकी ब्लूग्रास मात्र युरोपातून आलेलं आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

१८०० च्या सुमारास केंटकीतून बायसन संपले, पुढच्या दोन-तीन दशकांत संपूर्ण पूर्व अमेरिकेतून. त्यांच्यामागोमाग क्लोव्हरही आटलं, अशी सर्वसाधारण मांडणी आहे. मला ती पटते, पण पूर्ण नाही. बायसनला सगळं श्रेय दिलं तर ते गेल्यावर जवळपास दोन शतकं ही वनस्पती कशी टिकली याचं उत्तर मिळत नाही. बिग बोन लिकला मॅस्टोडॉन आणि मॅमथ यांची हाडं सापडतात. म्हणजे बायसनच्याही आधी तिथली जमीन तुडवणारे अवजड प्राणी होते. मूळनिवासी लोक रानातला पालापाचोळा जाळत, वाटा मोकळ्या ठेवत. ओढे तर दरवर्षी काठ खरवडतात. माझं मत असं आहे की या क्लोव्हरला विशिष्ट प्राणी लागत नाही, विशिष्ट प्रमाणातली उलथापालथ लागते. ती आज ट्रॅक्टरने केली तरी चालते, फक्त प्रमाण सुटता कामा नये.

बायसन जाण्याबरोबर आणखी दोन गोष्टी झाल्या, त्यांचा वाटा मी कमी मानत नाही. विरळ रानं तोडून शेती झाली, आणि जी तोडली नाहीत ती पुढे दाट झाली. म्हणजे फट दोन्ही बाजूंनी बुजली. वर युरोपातून पांढरं क्लोव्हर आणि गवतं आली आणि गुरांनी सतत चरलेल्या, उघड्या जमिनीत त्यांनी बाजी मारली.

विसाव्या शतकाच्या मध्यावर ही वनस्पती कोणालाच सापडेना. १९४० साली वेस्ट व्हर्जिनियात घेतलेल्या नमुन्यानंतर चार दशकं नोंदच नव्हती. ती नामशेष झाली असंच धरलं गेलं होतं. मग १९८३ साली वेस्ट व्हर्जिनियातच रॉडनी बार्टगिस या वनस्पती-अभ्यासकाला ती पुन्हा दिसली आणि १९८५ साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. १९८७ मध्ये तिला अमेरिकी संघराज्याच्या कायद्याखाली संकटग्रस्त म्हणून संरक्षण मिळालं. त्या वेळी एकच जिवंत ठिकाण माहीत होतं. संरक्षणानंतर लोक नेटाने शोधू लागले, ओळखायचं कसं हे शिकले, आणि ठिकाणं सापडत गेली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिला त्या यादीतून काढण्यात आलं तेव्हा ५ राज्यांत मिळून १७५ ठिकाणं नोंदलेली होती.

एकावरून १७५ हा आकडा वाचून ही वनस्पती तेवढ्या पटीने वाढली असं समजू नका. तिचा बराचसा भाग आधीपासून तिथेच होता, फक्त कोणी वाकून पाहिलं नव्हतं. म्हणूनच तुमच्यासारख्याने ओढ्याकाठी थांबून पान न्याहाळणं हे माझ्या दृष्टीने फार मोलाचं आहे. या १७५ पैकी पुष्कळ ठिकाणं लहान आहेत. दर्जा ठरवताना हजाराच्या वर रोपं असलेली जागा सर्वांत वरच्या वर्गात धरतात आणि तीसपेक्षा कमी रोपांची सर्वांत खालच्या. एकाच जागी एका वर्षी शेकडो आणि दोन वर्षांनी मोजकी, असे चढउतार नेहमीचे आहेत. मोजताना आम्ही मुळं धरलेला एकेक गड्डा मोजतो, कारण फुटवे एकमेकांत इतके गुंततात की कुठलं रोप कोणाचं हे सांगता येत नाही. एकाच वर्षाच्या मोजणीवरून कुठल्या जागेचं भवितव्य ठरवणं मला धाडसाचं वाटतं.

मिसूरीतली हकिगत तर मुळातूनच लक्षात ठेवावी अशी. राज्यातून ही वनस्पती गेली असं मानलं जात होतं. १९८९ मध्ये सेंट लुईस इथे एका घरी बागेसाठी मागवलेल्या मातीतून तिची रोपं उगवली. माती नेमकी कुठली होती याचा माग लागला नाही. त्या रोपांपासून वाढवलेली रोपं पुढे राज्यात पुनःस्थापनेसाठी वापरली गेली. यातून कळतं ते असं की या क्लोव्हरच्या बियांचं कवच टणक असतं आणि ते मातीत दीर्घकाळ निपचित पडून राहू शकतं. गोठणं-वितळणं, घासलं जाणं, चरणाऱ्या प्राण्याच्या पोटातून जाणं अशा गोष्टींनी कवच कमजोर झालं आणि जमीन उघडी पडली की बी रुजतं. म्हणजे आज जिथे एकही रोप दिसत नाही तिथे ते नाहीच असं म्हणता येत नाही. नकाशा काढणाऱ्यांना हे अडचणीचं वाटतं, मला आशेचं वाटतं.

वेस्ट व्हर्जिनियातल्या फर्नो प्रायोगिक वनाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथे या वनस्पतीने सगळ्यांचे अंदाज उलटवले. पार्सन्स गावाजवळचं हे सुमारे १,९०० हेक्टरांचं रान १९३४ पासून वनसेवेच्या संशोधनासाठी राखलेलं आहे. तिथे वेगवेगळ्या पद्धतींनी झाडं तोडून जंगल कसं परततं याचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. संकटग्रस्त वनस्पती अशा ठिकाणी सापडली की पहिली प्रतिक्रिया असते तोड थांबवण्याची. पण क्लोव्हर वाढत होतं ते ओंडके ओढून नेण्याच्या वाटांवरच. मोजणी सुरू ठेवल्यावर दिसलं की तोडीनंतर लगेच रोपं कमी होतात, जी चाकाखाली येतात ती मरतात, पण पुढच्या काही वर्षांत संख्या सावरते आणि वाढते. मग वरची झाडं पुन्हा जुळून येतात, सावली दाट होते आणि क्लोव्हर परत मागे हटतं. काही वर्षांच्या अंतराने त्याच वाटेवर पुन्हा काम झालं तर ते तगतं. वाट कायमची बंद केली तर हळूहळू जातं, आणि वाट वरचेवर वापरली तर लगेच जातं.

केंटकीत रिचमंडजवळचा ब्लूग्रास आर्मी डेपो हे दुसरं उदाहरण. साडेचौदा हजार एकरांच्या आसपासचं हे लष्करी दारूगोळ्याचं कोठार. अमेरिकेच्या रासायनिक शस्त्रांचा शेवटचा साठा २०२३ मध्ये इथेच नष्ट केला गेला. त्याच कुंपणाच्या आत झाडांच्या राया आहेत, गुरं चरतात आणि रनिंग बफेलो क्लोव्हर चांगल्या संख्येने वाढतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून तिथे घरं उठली नाहीत, नांगर फिरला नाही, आणि चराई मात्र चालू राहिली. कोणीही क्लोव्हरचा विचार करून हे केलेलं नव्हतं.

या दोन्ही जागा सर्वांना माहीत आहेत म्हणून नावानिशी सांगितल्या. लहान जागांची नावं मी सांगत नाही आणि तुम्हीही तुमच्या ओढ्याचा नेमका पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नका. हौशी लोक बघायला येतात आणि जाताना एखादा फुटवा घेऊन जातात.

या क्लोव्हरबद्दलचं आणखी एक कोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. क्लोव्हर ज्यांत मोडतं त्या शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांवर जिवाणूंच्या गाठी असतात आणि त्या हवेतला नत्र मिळवून देतात, हे शाळेत शिकतो. हरभरा, तूर, भुईमूग उपटला की गाठी दिसतात. रनिंग बफेलो क्लोव्हरच्या मुळांवर मात्र रानात अशा गाठी आढळलेल्या नाहीत. त्याचा जोडीदार जिवाणू हरवला असावा, असं एक अनुमान आहे. गाठी नसतील तर हे क्लोव्हर मातीतल्या नत्रावर जगतं, आणि मग गुरांचं शेण, पुराचा गाळ, कुजलेला पाला असलेल्या जागा त्याला का भावतात हेही समजू लागतं. ते सिद्ध झालंय असं मी म्हणत नाही. ठिकाणं पाहताना ही गोष्ट मनात ठेवावी एवढंच.

भारतातल्या वाचकांसाठी इथे दोन ओळी. क्लोव्हरच्या म्हणजे ट्रायफोलियमच्या जवळपास अडीचशे जाती आहेत. भूमध्य समुद्राभोवतालचा भाग, अमेरिकेचा पश्चिम भाग आणि पूर्व आफ्रिकेतले उंच प्रदेश ही त्यांची मुख्य घरं. अमेरिकेच्या पूर्व भागात मूळच्या जाती मोजक्याच आहेत, म्हणून इथली एक गेली तरी तोटा मोठा. त्या मोजक्यांतही अजून भर पडते आहे: ब्लूग्रास प्रदेशातलं एक क्लोव्हर २०१३ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदलं गेलं, ट्रायफोलियम केंटकिएन्स. भारतात रानटी क्लोव्हर पाहायचं तर हिमालयात जावं लागतं. महाराष्ट्रात दुभत्या जनावरांसाठी हिवाळ्यात पेरतात तो बरसीम याच कुळातला, पण तो लागवडीचा, इजिप्तकडून आलेला. ज्यांनी बरसीमचं शेत पाहिलंय त्यांना रनिंग बफेलोचं पान पाहताच नातं कळेल.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे. बी पेरू नका असं मी म्हटलं, त्याची कारणं अशी. लहान लहान, एकमेकांपासून तुटलेल्या जागांत वर्षानुवर्षं राहिल्याने या क्लोव्हरच्या वेगवेगळ्या जागांतल्या रोपांत अनुवंशिक फरक पडलेला आहे. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातलं बी सिनसिनाटीच्या ओढ्याकाठी आणलं तर तुमच्या ओढ्यातलं जे स्थानिक आहे त्यात ते मिसळेल आणि मूळचं काय होतं हे पुढे कोणाला सांगता येणार नाही. दुसरं, बाजारात या नावाने मिळणारं बी खरंच तेच आहे याची खात्री पेरणाऱ्याला देता येत नाही. तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे अंगणात उगवलेल्या रोपाने प्रदेश वाढत नाही. जिथे त्याला उघडी फट मिळत राहील अशी जागा नसेल तर ते दोन-चार वर्षांत पांढऱ्या क्लोव्हरखाली दबून जातं.

याउलट, तुमच्या ओढ्यालगत जे आहे ते रनिंग बफेलो निघालं तर त्याच्यासाठी तुम्ही खूप काही करू शकता. ती जागा तुमच्या हद्दीत असेल तर एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथे मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, फिरवू नका. या काळात ते खोड उभं करतं, फुलतं, मधमाश्या आणि भुंगे फुलांवर येतात आणि बी पक्व होतं. त्यानंतर मात्र कापा, आणि पातं उंच ठेवून कापा. निसर्गाला मोकळं सोडायचं म्हणून अनेक जण कापणंच बंद करतात. या वनस्पतीच्या बाबतीत ते घातक ठरतं. तीन-चार वर्षांत उंच गवत आणि झुडपं तिला गिळतात. रुंद पानांच्या तणांवर मारायचं तणनाशक तिथे अजिबात वापरू नका, ते क्लोव्हरला मारण्यासाठीच बनवलेलं असतं. हिरवळीची निगा राखणाऱ्या कंपनीशी करार असेल तर ही पट्टी वगळायला लेखी सांगा.

खरा शत्रू बहुतेक वेळा आजूबाजूला आधीच उभा असतो. बुश हनीसकल हे बाहेरून आलेलं झुडूप सिनसिनाटी परिसरातल्या रानांत इतकं माजलंय की खाली उजेडच पोचत नाही. ते दिसलं तर बुडातून कापा आणि फुटवे आले की पुन्हा कापा. गार्लिक मस्टर्ड हे तण वसंतात फुलायच्या आत उपटा, माती ओली असताना ते मुळासकट सहज येतं. जॅपनीज स्टिल्टग्रास हे गवत उन्हाळ्याच्या शेवटी पायवाटांच्या कडेने अंथरूण घातल्यासारखं पसरतं. ते बी धरण्याआधी, ऑगस्टअखेर काढावं. हे काम करताना क्लोव्हरवर पाय पडले तर घाबरू नका, थोडं तुडवलं जाणं त्याला चालतं. वरची झाडं मात्र एकदम तोडू नका. ऊन भरमसाट झालं तर पांढऱ्या क्लोव्हरची सोय होईल.

जागा सार्वजनिक उद्यानाची असेल तर स्वतः काही उपटू-कापू नका. तिथल्या निसर्ग व्यवस्थापन विभागाला फोटो पाठवा. त्यांच्याकडे बहुधा माहितगार माणूस असतो, आणि मोअर चालवणाऱ्याला तारखा बदलून देणं हे त्यांच्याच हातात असतं. नोंदीसाठी ओहायोच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाची नैसर्गिक वारसा नोंदणी आहे, तिथे कळवा. यादीतून काढल्यानंतर किमान पाच वर्षं देखरेख ठेवायची अशी कायद्यातली तरतूद आहे, त्यामुळे नव्या जागेची माहिती त्यांना हवीच असते.

कायद्याबद्दल एक गैरसमज दूर करतो. अनेकांना वाटतं की अंगणात संकटग्रस्त वनस्पती सापडली की सरकार जागा ताब्यात घेईल, म्हणून ते गप्प बसतात. वनस्पतींच्या बाबतीत संघराज्याचा कायदा मुख्यतः सरकारी जमिनीवर लागू होत असे. खाजगी जमिनीवर त्याचा हात फारसा पोचत नव्हता, यादीत असतानाही. आता तर ती यादीतही नाही. म्हणजे तुमच्या हद्दीतल्या रोपांचं काय होणार हे बरंचसं तुमच्याच मर्जीवर आहे.

फोटो पाठवताना चार गोष्टी येतील असं पाहा: फुलाचा गेंद आणि त्याखालची पानांची जोडी एकाच चित्रात, देठाच्या बुडाशी असलेलं उपपर्ण जवळून, जमिनीवर रांगणारा फुटवा आणि त्याला फुटलेली मुळं न उपटता, आणि आसपासची सगळी जागा, वरच्या झाडांसकट. शेजारी पांढरं क्लोव्हर फुललेलं असेल तर त्याचाही एक फोटो घ्या. रोप तोडू नका; एका गड्ड्याचा फुलोरा तोडला तर त्या वर्षीचं त्याचं बी गेलं.

तुम्ही वर्णन केलेल्या जागेत ओढा आहे, वाट आहे, आणि बहुधा सावलीही असणार. त्यामुळे मला उत्सुकता आहे. अजून एक गोष्ट बघून सांगा: ओढ्याला पूर आला की पाणी त्या वाटेपर्यंत येतं का? येत असेल तर ओढ्याच्या वरच्या अंगाला, दोन्ही काठांनी, पूर जिथे गाळ टाकतो त्या सपाट जागा येत्या मेमध्ये नीट पाहा. बी पाण्याबरोबर खाली येतं, त्यामुळे तुम्हाला दिसलेला पुंजका मूळ जागेचा खालचा तुकडा असण्याची बरीच शक्यता आहे.